डाव्या बुटातली डबी

३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण, आपल्या ठकीचं लग्न ठरलं. फोनवर सांगायला गेलो तर तू तीनदा काय म्हणून विचारलंस आणि चौथ्यांदा फोन दाजींच्या हातात दिलास. दाजींनी छान छान म्हणून ठेवून दिला. त्यांना काय कळलं देव जाणे. तेव्हा आता कागदावरच सांगतो, कागदाला तरी नीट ऐकू येतं.

मुलगा तुला ऐकून माहीत आहे. लिफ्ट दुरुस्त करणारा. ठकी दाताच्या दवाखान्यातून सुटली त्या दिवशी दोन मजल्यांच्या मधे चाळीस मिनिटं लोंबकळत होती, आणि वरून टॉर्च दाखवत तिला धीर देत बसला होता तो हाच. लिफ्ट सुटली, पण आपली कन्या तिथेच अडकली. मुलगा शीख आहे. उंच, कमी बोलणारा, आणि पगडी इतकी नेटकी बांधतो की माझ्यासारख्या धंद्यातल्या माणसानं मान वळवून बघावं. मला तो मनापासून आवडला आहे, हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून तू डोक्यात राख घालून घेणार नाहीस.

लग्न अठ्ठावीस मार्चला, सकाळी, त्यांच्या गुरुद्वाऱ्यात. तिथली रीत अशी की नवऱ्या मुलाच्या खांद्यावर लांब उपरणं असतं, त्याला ते पल्ला म्हणतात. त्याचं टोक वधूच्या बापानं उठून मुलीच्या हातात द्यायचं, मग फेरे सुरू. तेही थेट गुरू ग्रंथ साहिबांसमोर. आता तूच विचार कर. ज्या माणसांनी जन्मात केसाला कात्री लावली नाही, त्यांच्या भर दरबारात हे काम करायचं कोणी? तर ज्यानं चाळीस वर्षं कात्री लावण्यापलीकडे काही केलंच नाही त्यानं! मी ठकीला बजावलं आहे, बापाचं दुकान आहे एवढंच सांग म्हणून. कसलं ते त्यांनी विचारलं तर बघू.

मी ठरवलंय ते असं. पल्ला दाजींनी द्यावा. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, त्यांच्या हातांना कोण नाव ठेवणार? मी मागे, जोड्यांजवळ उभा राहीन आणि पोरीला डोळे भरून बघेन. ठकीची आई असती तर तिनं मला समजून घेतलं असतं.

येत्या रविवारनंतरच्या रविवारी मला एकदा तिथे बोलावलं आहे, सगळं बघून घ्यायला. तुझ्या वॉर्डात ती शीख नर्स होती, तिच्याबरोबर तू जायचीस. तिथे कसं वागायचं ते बैजवार लिही. माझं काहीतरी चुकणारच, पण निदान कमी चुकावं.

दाजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्यालाही. रागावलीस तर पत्र घडी घालेपर्यंतच रागव, माया मात्र होती तेवढी राहू दे.

तुझा धाकटा,
नाना

८ फेब्रुवारी

चि. नाना यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. ठकीच्या लग्नाचं वाचून इतका आनंद झाला की दाजींना दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. पुढचं वाचून त्याच दाजींना चष्मा काढून ठेवावा लागला, कारण मी जे बोलले ते त्यांना माझ्या चेहऱ्यासकट ऐकायचं नव्हतं.

दाजी येणार नाहीत. एक तर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन वीस मार्चला ठरलंय आणि डॉक्टर मला महिनाभर हलू देणार नाहीत. दुसरं, ऑपरेशन नसतं तरी मी त्यांना पाठवलं नसतं. पोर तुझी, हात तुझेच पाहिजेत. आणि तुझ्या हातांना झालंय काय रे? बत्तीस वर्षं मी वॉर्डात काढली, पण तुझ्या दुकानात वस्तरे जसे उकळतात तशी हत्यारं आमच्याकडेही सगळे उकळत नव्हते. लोक काय म्हणतील ते लोकांना विचारून तरी बघ. त्यांच्या तोंडून ऐकण्याआधीच तू स्वतःला शिक्षा सुनावून मोकळा.

आता नीट वाच. आदल्या दिवशी नखं काप. दुसऱ्यांची करतोस, स्वतःची विसरतोस. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जा. मोजे नवे घे. तुझ्या मोज्यांतून अंगठा बाहेर डोकावतो आणि त्या मोज्यांचा वास मी ह्या गावातूनही ओळखीन. दारात जोडे आणि मोजे काढायचे, हात धुवायचे. पुढे उथळ पाणी वाहतं त्यातून पावलं बुडवून जायचं. उड्या मारून ओलांडू नकोस. डोकं झाकायचं, आत असेपर्यंत झाकलेलंच ठेवायचं. टोपी नको, रुमाल. फोन बंद. आत गेल्यावर आधी समोर जाऊन माथा टेकायचा, मग जागा मिळेल तिथे खाली बसायचं, मांडी घालून. ग्रंथाकडे पाय करायचे नाहीत, पाठ फिरवायची नाही. प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा, नको म्हणायचं नाही. मग पंगतीत जेवण असतं, त्याला लंगर म्हणतात. कोण कोणाशेजारी बसलंय ते तिथे कोणी बघत नाही. पाहिजे तेवढंच वाढून घे. पानात टाकलंस तर मला इथे घास जाणार नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी लिहिते, म्हणजे लक्षात राहील. तुझी ती तंबाखूची डबी. ती घरी ठेवून जायचं. खिशात नाही, पिशवीत नाही, घरी. त्यांच्याकडे तंबाखू अगदी वर्ज्य आहे. मी तीस वर्षं सांगून थकले, आता निदान एक सकाळ तरी तिच्यावाचून काढ.

सोबत निळा रुमाल पाठवते आहे. ओळखलास का? तू चौदा वर्षांचा असताना बाबांची कात्री लांबवून पहिला हात माझ्या केसांवर चालवलास. डावी बाजू कानापर्यंत, उजवी खांद्यापर्यंत. नर्सिंगच्या वर्गात मी महिनाभर हाच रुमाल बांधून बसले आणि बाबांना सांगितलं की डोकं दुखतंय. तेव्हा माझं डोकं ज्यानं झाकलं तो आता तुझं झाकेल. तुझ्या टकलावरून घसरेल, म्हणून मागे दोन गाठी मार.

दाजींचा आशीर्वाद. मी ओरडते तेवढं मनावर घेऊ नकोस, प्रेम करते तेवढं घे.

तुझी,
अक्का

१७ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

अक्का, तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तरी तुला सगळं सांगतो, कारण ठकीला अजून धड काही सांगितलेलं नाही.

तू लिहिलेलं सगळं केलं. नखं, आंघोळ, नवे मोजे, रुमालाला दोन गाठी. फक्त डबी घरी ठेवायची राहिली. मुद्दाम नाही गं! शर्ट घातला की हात आपोआप डबी उचलून खिशात टाकतो, त्यात माझा काही हात नाही असंच म्हणायला पाहिजे. फाटकाशी पोचलो तेव्हा खिशाला हात लागला आणि घाम फुटला. परत जायला वेळ नव्हता. आत तर न्यायची नव्हती. मग डोकं चालवलं. चालवलं नसतं तर बरं झालं असतं. डबी डाव्या बुटाच्या पार टोकात सारली, वर मोजा कोंबला आणि जोडे खिडकीत दिले. जोड्यांच्या आत कोण कशाला बघतंय, असं वाटलं.

खिडकीत एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरीशुभ्र दाढी छातीपर्यंत. त्यांनी माझे धुळीचे बूट दोन्ही हातांनी घेतले, जसं काही मी त्यांना तान्हं बाळ देतोय. मला कसंसंच झालं. बिल्ला घेऊन आत गेलो.

आतलं काय सांगू? इतकी माणसं आणि इतकी शांतता मी एकत्र कधी पाहिली नव्हती. गाणं चाललं होतं, शब्द निम्मेच कळले, पण बरं वाटत होतं. मांडी मात्र पाचच मिनिटं टिकली. चाळीस वर्षं उभ्यानं काम केलेले पाय, त्यांना बसायचं माहीतच नाही. डाव्या पायाला मुंग्या आल्या, तो जरा सैल केला तर सरळ समोरच! तुझी आठवण होऊन असा ओढून घेतला की शेजारच्या गृहस्थांना गुडघा लागला. त्यांनी सरकून भिंतीजवळची जागा दिली. प्रसादाला एकच हात पुढे केला, तर त्यांनीच माझा दुसरा हात उचलून पहिल्याजवळ आणून ठेवला. रागानं नाही, आपण मुलाचं बटण लावतो तसं.

जेवण झाल्यावर भांडी घासायला उभा राहिलो आणि तिथे मात्र मी चमकलो. ताट दोन्ही बाजूंनी, कडेच्या खाचेत बोट घालून, खळखळत्या पाण्यात. एक बाई म्हणाल्या की तुम्ही हे काम रोज करत असणार. मी फुशारून गेलो. अर्धा तास मी कोण, काय, सगळं विसरलो होतो.

आणि मग जोडे घ्यायला गेलो. बूट आरशासारखे चमकत होते. पुसताना म्हाताऱ्यांनी आतपर्यंत हात घातला होता हे मला तेव्हा कळलं. ते बाजूच्या नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होते. हळूच म्हणाले की तुमची वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून फाटकाबाहेरच्या भिंतीवर ठेवली आहे, जाताना विसरू नका. एवढंच. वर हसले. तेवढ्यात लिफ्टवाले आमचे जावई आले आणि त्यांनी ओळख करून दिली, की हे माझे आजोबा.

मला काय झालं कोण जाणे. एका दमात मी सांगून टाकलं की डबी माझी आहे, चूक झाली, आणि मी न्हावी आहे, केस कापतो, चाळीस वर्षं कापतोय, आणि (तू दाजींना पाठवणार नाहीस हे माहीत असूनही) पल्ला माझे मेहुणे देतील. त्यांचं उत्तर ऐकायला थांबलो नाही. पळालो. बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं की पायात काहीच नाही.

बूट तिथेच आहेत. माझी अब्रूही तिथेच आहे. ठकीचं लग्न मोडलं तर माझ्यामुळे मोडेल. काय करू ते लिही.

जवळ असतीस तर कान धरला असतास. तेवढा एक कान तुझ्यासाठी राखून ठेवतो.

तुझा,
नाना

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नानांचं पत्र तुला मिळालं असेल; रविवारचं मला ह्यांनी, म्हणजे तुझ्या होणाऱ्या जावयानं, सांगितलं. ते वाचून तू काळजीत पडण्याआधी माझं पोचावं म्हणून दवाखान्यातच, दोन दाढांच्या मधल्या वेळात लिहिते आहे. (दाढा पेशंटच्या.)

आज दुपारी नानांचा डबा घेऊन दुकानात गेले. दोन्ही खुर्च्या भरलेल्या, बाकावर मास्तर आणि पोस्टमन. नाना रविवारपासून मुक्यानं कात्री चालवताहेत, त्यामुळे गिऱ्हाइकं घाबरलेली. इतक्यात दाराची घंटी वाजली आणि ह्यांचे आजोबा आत आले. हातात नानांचे बूट. आणि गंमत बघ, त्यांनी स्वतःचे जोडे उंबऱ्याबाहेर काढले होते. नाना त्यांच्या पायांकडे बघतच राहिले. दुकानात कोणी जोडे काढत नाही, असं कसंबसं म्हणाले. आजोबा म्हणाले की माणूस जिथे कष्टाची भाकरी मिळवतो तिथे काढायला हरकत काय.

मग ते निवांत सगळं न्याहाळत फिरले. उकळत ठेवलेले वस्तरे, घडी घातलेले टॉवेल, दर माणसागणिक नवं पातं. तेवढ्यात एक खुर्ची रिकामी झाली. आजोबांनी विचारलं की मी जरा बसून बघू का. ब्याऐंशी वर्षांचं वय, पण न्हाव्याच्या खुर्चीत कधी बसलेले नाहीत, आणि ती गोल फिरते असं त्यांनी ऐकलं होतं. नानांनी त्यांना बसवलं, एक फेरी फिरवलं. आजोबा असे हसले की पोस्टमनही हसायला लागला. आणि आत्या, इथेच घात झाला. खुर्ची आरशासमोर थांबली मात्र, नानांनी सवयीनं फटकन कापड झटकून आजोबांच्या गळ्याभोवती बांधलं आणि कात्री उचलली!

नाना कात्री हवेत धरून पुतळा. आजोबांनी आरशातून एकदा कात्रीकडे पाहिलं, एकदा आपल्या दाढीकडे, आणि म्हणाले की एवढी घाई नको, अजून ब्याऐंशी वर्षांनी विचार करू. मास्तर तर बाकावरून खाली यायचे राहिले. नाना पण हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि मग मला बाहेर जावं लागलं, कारण माझंही तेच झालं.

परत आत आले तेव्हा नाना त्यांचे खांदे चेपून देत होते आणि आजोबा बोलत होते. म्हणाले, ठकीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माझे वडील न्हावी आहेत आणि गावात त्यांच्याइतका स्वच्छ हात कोणाचा नाही. खरंच सांगितलं होतं, आत्या. दुकान आहे एवढंच सांग म्हणून नाना बजावत होते तेव्हा उशीर झाला होता, आणि मला ते पटणारही नव्हतं. पुढे म्हणाले, केस न कापणं हे आमचं व्रत, तुमच्या गिऱ्हाइकांनी ते घेतलेलं नाही, मग राग कशाचा? हात तुमचेच पाहिजेत. मेहुण्यांचे चालणार नाहीत. फक्त त्या दिवशी त्या हातांना तंबाखूचा वास नसावा. मी शपथ मागत नाही, विनंती करतो.

नानांनी आरशाखालचा खण उघडला, आतली जादा पुडी काढून कचऱ्यात टाकली आणि हात धुऊन आले. दोनदा.

पाच आठवडे आहेत. जमेल ना गं? मी त्यांना कधी दोन तासही डबीवाचून पाहिलेलं नाही. तुझा गुडघा सांभाळ, आणि भाचीला तुझ्या पत्रांची सवय आहे ती मोडू नकोस.

तुझी,
ठकी

२ मार्च

चि. नाना यास,
अ. उ. आ.

ठकीचं पत्र वाचलं. तुझंही. उलट क्रमानं मिळाली ते बरंच झालं.

तीस वर्षं मी घसा फोडून सांगितलं, तुझ्या खोकल्याचे फोटो काढून दाखवायचे बाकी ठेवले होते, तेव्हा हललास नाही. आणि एका परक्या म्हाताऱ्यानं बूट पुसून दिले तर पुडी कचऱ्यात! मला आनंद झालाय आणि तितकाच रागही आलाय. दोन्ही खरं आहे.

दुसरा आठवडा वाईट जाईल. तोंडात लवंग धर, पाणी पी, चालायला जा, आणि चिडलास तर गिऱ्हाइकावर नाही, मला पत्र लिहून चीड. चुकून एखाद्या दिवशी हात गेलाच तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू कर, सगळं मुसळ केरात म्हणून बसू नकोस. मी इथे नवा गुडघा घेऊन चालायला शिकणार, तू तिथे डबीवाचून. बघू या आधी कोण धडपणे उभं राहतं.

लग्नाला येता येणार नाही ह्याचं मला किती वाईट वाटतंय ते लिहीत नाही, कागद ओला होईल. तू बारीकसारीक सगळं लिही. आशीर्वाद आहेतच, ते पोस्टानं पाठवावे लागत नाहीत.

तुझी,
अक्का

३० मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दाजींनी फोनवर कळवलं की तू वॉकर घेऊन दारापर्यंत गेलीस. म्हणजे तू जिंकलीस. पण मीही फार मागे नाही. आज अडतिसावा दिवस. एकदाच हात गेला, नवव्या दिवशी. पोस्टमनकडून चिमूटभर मागून घेतली आणि तोंडात टाकण्याआधीच मास्तरांनी माझ्या हातावर फटका मारला. सगळी गिऱ्हाइकं माझ्यावर पाळत ठेवून होती. तिसऱ्या आठवड्यात चिडचिडीच्या भरात मास्तरांची एक मिशी दुसरीपेक्षा आखूड झाली, पण ते म्हणाले की लग्नाचा आहेर समज.

आता लग्न. आपल्या नातवाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आजोबा सकाळी जोड्यांच्या खिडकीत हजर. मी बूट पुढे केले. त्यांनी घेतले, माझ्याकडे बघत डाव्या बुटात कोपरापर्यंत हात घातला, मग उजव्यात घातला, आणि रिकामा पंजा वर करून सगळ्या रांगेला दाखवला. कोणाला काही कळलं नाही, तरी सगळे हसले. मग आम्ही दोघे शेजारशेजारच्या नळांवर हात धुवायला उभे राहिलो. ते कोपरापर्यंत, मी बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. एकमेकांकडे बघून दोघांनीही पुन्हा साबण घेतला.

आत ठकी बसली होती. तिच्या आईचीच ठेवण, खाली बघून बसायची तऱ्हासुद्धा तीच. मला खूण झाली. उठलो. डोक्याला तुझा निळा रुमाल, दोन गाठी. पल्ल्याचं टोक दोन्ही हातांनी घेतलं, अक्का, आणि ठकीपुढे धरलं. ठकीनं टोक धरलं आणि त्याबरोबर माझं बोटही धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. दोन-तीन क्षण सोडेचना. मीही सोडवून घेतलं नाही. मग तिनंच हळूच सोडलं आणि उठली. चारही फेरे मी मांडी न मोडता बसलो. पायाला मुंग्या आल्या असतील, मला कळलं नाही.

फाटकाबाहेरच्या भिंतीवर ती वर्तमानपत्राची पुडी त्या पहिल्या रविवारपासून तशीच होती. कोणी हात लावला नव्हता. लग्नानंतर मी ती उचलली, आतलं कचऱ्यात टाकलं, आणि डबी दुकानात नेऊन वस्तऱ्यांबरोबर सात वेळा उकळली. सोबतच्या पार्सलात तीच आहे. तुझ्या गुडघ्याच्या गोळ्या तिच्यात बरोबर बसतील. वास घेऊन बघ, काही नाही.

रुमाल मात्र परत पाठवत नाही, रागावू नकोस. तो मला आता दर रविवारी लागणार. आजोबांची नजर आता नीट पोचत नाही, म्हणून जोड्यांच्या खिडकीत त्यांच्या शेजारी मी बसायला लागलोय. काल एका गृहस्थानं बूट देताना फार आढेवेढे घेतले. मी दोन्ही हातांनी घेतले, पुसले, आत हात घातला. डाव्याच बुटात होती. वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीवर ठेवून आलो, कोपरापर्यंत हात धुतले, आणि ते परत येईपर्यंत त्यांच्या बुटांना चांगली चमक आणली.

तू चालत येशील तेव्हा तुझेही जोडे मीच घेईन. तोवर अशीच ओरडत राहा.

तुझा धाकटा,
नाना